गावचं पाणी आणि सुरतेचा नळ

लिंबायतमधल्या आपल्यापैकी बहुतेकांचं गाव जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबार जिल्ह्यात. उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी आपल्याला गावी नेते. उलट दिशेने, तिकीट न काढता, रोज गावाकडून सुरतेला येतं ते तापीचं पाणी.

मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं. त्यातला जवळजवळ ७९ टक्के भाग महाराष्ट्रात आहे आणि गुजरातमध्ये सहा टक्केसुद्धा नाही. म्हणजे गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा या आपल्या गावाकडच्या नद्यांचं पाणी उकाई धरणातून पुढे सुरतेच्या नळापर्यंत पोहोचतं. त्याबरोबर आणखी काय येतं, हे मोजायला हवं.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांत दोन गोष्टी आवर्जून पाहतो: नायट्रेट आणि फॉस्फेट. दोन्ही पिकांचं खाद्य. शेतात ती हवीतच, पण नदीत जास्त झाली की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. अनुकूल हवेत जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समुद्राच्या भरतीचं खारं पाणी वर येऊ नये म्हणून सिंगणपोरला बंधारा आहे. त्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ असतं, म्हणून तिथे तिचा हिरवा गालिचा पसरतो. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध कालवलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. गावाकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

रावेरकडे आमच्या काकांची केळीची बाग आहे. मागच्या सुट्टीत मी हे सांगत होतो, तर काका म्हणाले, "आमच्या युरियाचं नाव काढतोस, मग तुमच्या शहरांच्या गटारींचं काय?" प्रश्न रास्त होता. सांडपाण्यातूनही नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो. लिंबायतकरांनी तर मीठी खाडीकडे पाहिलं तरी पुरे. दोष कोणाचा किती, हे भांडून ठरत नाही. त्यासाठी पाणी जागोजागी तपासावं लागतं.

पद्धत सोपी आहे. गावाच्या वर एक नमुना घ्यायचा, गावाच्या खाली एक. ओढा नदीला मिळण्याआधी एक, मिळाल्यानंतर एक. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, भरून बर्फात ठेवायची आणि लवकर प्रयोगशाळेत पोहोचवायची. वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक सांगतो, भर कुठे पडली. पण नुसतं प्रमाण पुरत नाही, प्रवाहही मोजावा लागतो. समजा, सेकंदाला १०० घनमीटर वाहणाऱ्या नदीत लिटरमागे फक्त एक मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. दिवसाला होतो ८,६४० किलो! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे रोज ४०० हून जास्त गोण्यांइतका नायट्रोजन वाहून गेला. हा हिशेब ऐकून काका गप्प झाले. नंतर म्हणाले, "म्हणजे यात आमचाही पैसा वाहून जातोय की!"

वेळही महत्त्वाची. उन्हाळ्यात ओढे कोरडे असतात, पण पहिल्या जोरदार पावसात शेतातलं आणि गटारीतलं साचलेलं सगळं एकदम खाली येतं. महिन्यातून एकदाच नमुना घेतला तर नेमका तोच दिवस हुकू शकतो. म्हणून पावसाळ्यात तपासणी वारंवार व्हायला हवी, आणि मोठ्या नदीबरोबर छोट्या ओढ्यांचीही. भर पडते ती तिथेच.

मित्रमैत्रिणींनो, यात तुम्हालाही करण्यासारखं आहे. नायट्रेट तपासायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी पाण्यात बुडवायची आणि बदललेला रंग तक्त्याशी जुळवायचा. आकडा ढोबळ असतो, पण कुठे नीट तपासणी हवी ते कळतं. सुट्टीत गावी जाल तेव्हा विहीर, ओढा आणि नदी, तिन्हींचं पाणी पाहा. तारीख, जागा आणि पाऊस झाला होता का, हे वहीत लिहा. पट्टी ४५ च्या जवळपास दाखवत असेल, तर ते पाणी प्रयोगशाळेत द्या आणि तोवर घरातल्या बाळासाठी दुसरं पाणी वापरा. शेती असेल तर मृदा आरोग्य पत्रिका पाहून खत द्यायला आणि युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने, जमेल तिथे ठिबकमधून द्यायला आजोबा-काकांना सांगा. आणि इथे लिंबायतमध्ये खाडीत कचरा टाकणाऱ्याला अडवायलाही कचरू नका. गावाला शहाणपण शिकवायचं, तर आपली खाडीही त्याच मापाने मोजायला हवी.