रातराणी लावा, पण आवरून ठेवा

रातराणीचे झाड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. छत्रपती संभाजीनगर शहरात ते बंगल्यांपुढे दिसते, तसे खेड्यात अंगणातही दिसते. दिवसा त्याच्याकडे कोणी बघत नाही. फुले बारीक, हिरवट पांढरी, नळीसारखी, आणि तीही मिटलेली. दिवेलागण झाली की ती उमलतात. मग वास असा सुटतो की चार घरे ओलांडून जातो.

हा वास रात्रीच का येतो? फळ धरायचे तर एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात जावे लागतात. रातराणीचे हे काम रात्री उडणारे पतंग करतात. अंधारात रंगाचा उपयोग थोडा. म्हणून झाड वासाने त्यांना बोलावते.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीज बेटांकडचे आहे. वांगी, मिरची, तंबाखू यांच्याच कुळातले आहे.

लावायचे कसे? पावसाळ्याच्या आरंभी बोटाएवढी जाड, वीतभर लांब फांदी कापून घ्यावी. तिला तीन-चार डोळे असावेत. पाने काढून टाकावीत. दोन डोळे मातीत पुरावेत, बाकीचे वर ठेवावेत. माती ओली ठेवली की महिन्या-दीड महिन्यात मूळ धरते. मग दीड फुटाचा खड्डा करून, शेणखत घालून रोप लावावे. पैठण-गंगापूरकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तिथे मातीत थोडा मुरूम मिसळावा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे २८ इंचच. उन्हाळ्यात झाडाला आठवड्यातून दोन-तीनदा पाणी लागते. भांडी विसळलेले पाणी चालते. बुडाशी पाचट पसरले तर ओल टिकते.

झाड झोपायच्या खोलीच्या खिडकीशी लावू नये. उग्र वासाने काहींचे डोके दुखते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. घरापासून पंधरा-वीस पावले दूर लावले तरी वास घरात येतोच.

आता सापाची गोष्ट. रातराणीच्या वासाला साप येतो असे लोक म्हणतात. ते खरे नाही. सापाला फुलाच्या वासाशी काय करायचे? तो उंदीर, बेडूक, सरडे यांच्या मागे येतो. पण झाडाच्या बुडाशी दाट जाळी झाली, पालापाचोळा साठला, की तिथे उंदीर राहतात, आणि त्यांच्यामागे साप येतो. म्हणजे दोष वासाचा नव्हे, जाळीचा. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून टाकाव्यात. बूड मोकळे दिसले पाहिजे. पाचट घातले असेल तर ते पातळ असावे, ढीग नको.

याहून मोठी काळजी विषाची. रातराणीची पाने आणि फळे विषारी आहेत. फुले गळली की मोत्यासारखी पांढरी फळे धरतात. लहान मूल ती खाऊ समजून तोंडात घालील. तसे झालेच तर घरगुती उपाय करत बसू नये. सरळ सरकारी दवाखाना गाठावा, किंवा १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. छाटलेल्या फांद्या शेळीपुढे, गाईपुढे टाकू नयेत. गोठ्याजवळ हे झाड लावूच नये. जनावराने पाला खाल्लाच तर गुरांच्या डॉक्टरला लगेच कळवावे.

तिसरी काळजी पसाऱ्याची. पाखरे फळे खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. न्यूझीलंड, हवाई, फिजी अशा ओलसर मुलखांत रातराणी बागेतून सुटून रानात शिरली आणि तिथल्या मूळच्या झाडांची जागा तिने घेतली. आपल्या कोरड्या डोंगरांवर तिला तेवढे पाणी मिळत नाही. पण ओढ्याकाठी, कालव्याकाठी, विहिरीच्या पाझराला ओल असते. तिथे तिचे रोप दिसले तर उपटावे.

पाहुणे झाड मालक कसे बनते, हे घाणेरीने आपल्याला दाखवले आहे. काही ठिकाणी तिला टणटणी म्हणतात. तिची रंगीत फुले पाहून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी ती बागेसाठी या देशात आणली. आज ती डोंगरउतारांवर, गायरानात माजली आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही. तिचा पाला खाऊन गुरांना कावीळ होते, उन्हात त्यांची कातडी सोलवटते. एकदा पसरली की काढायला पिढ्या लागतात.

म्हणून रातराणीचा बहर ओसरला की लगेच छाटणी करावी, फळ पांढरे होण्याच्या आत. याने बी पडत नाही, आणि नव्या फुटव्यांवर पुन्हा फुलेही येतात. झाड छातीएवढे उंच ठेवावे. नाहीतर ते दहा-बारा फूट वाढते. छाटलेल्या फांद्या ओढ्यात फेकू नयेत, कारण ओल्या कांडीला मूळ फुटते. गुरे पोचणार नाहीत अशा जागी त्या कडक वाळवाव्यात आणि खड्ड्यात पुरून टाकाव्यात. झाड नकोसे झाले तर नुसते कापून भागत नाही, ते पुन्हा फुटते. कुदळीने मुळासकट खणून काढावे.

वर्षातून दोन-तीनदा कात्री चालवायची तयारी असेल तर रातराणी खुशाल लावा. तेवढी सवड नसेल तर मोगरा लावा. वास त्याचाही गोड आहे.