पहाऱ्यावरचे आकाश

दुसरे महायुद्ध संपले, अण्वस्त्रांच्या ठाण्यांवर अहोरात्र पहारा बसला आणि त्या पहाऱ्याबरोबरच एका विलक्षण इतिहासाचा आरंभ झाला. १९४८ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस व सँडिया या अण्वस्त्र-आस्थापनांच्या परिसरात हिरवे अग्निगोल दिसू लागले. उल्काशास्त्रज्ञ लिंकन ला पाझ यांनी त्यांचे मार्ग कसोशीने मोजले आणि या नेहमीच्या उल्का नव्हेत, असे मत दिले. पुढे १९६९ पर्यंत अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' या चौकशी-प्रकल्पाच्या दप्तरी अज्ञात उडत्या वस्तू दिसल्याच्या १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांपैकी ७०१ चा उलगडा झालाच नाही.

या साऱ्या प्रकरणांत मन गुंतून राहते ते माल्मस्ट्रॉमच्या. १६ मार्च १९६७ रोजी मॉन्टानातील या तळाच्या अखत्यारीतील दहा 'मिनिटमन' क्षेपणास्त्रे अल्पावधीत एकापाठोपाठ एक निकामी झाली. सरकारी तपासाने त्याचे कारण विद्युत्-स्पंदामुळे यंत्रणेत झालेल्या बिघाडात शोधले आणि आकाशात काही दिसल्याची वदंता तुकडीच्या अधिकृत इतिहासाने खोडून काढली. तथापि रॉबर्ट सलास हे माजी अधिकारी, त्याच महिन्यात आपल्या भूमिगत नियंत्रणकक्षावर पहारेकऱ्यांना तांबडे तेज दिसले व आपलीही क्षेपणास्त्रे बंद पडली, असे सांगत राहिले, आणि २०१० साली वॉशिंग्टनमध्ये इतर माजी अधिकाऱ्यांसमवेत त्यांनी ही जबानी जाहीरपणे दिली. अशा जबानीची हेटाळणी करणे मला अन्यायाचे वाटते. परंतु गुप्ततेच्या शिरस्त्यापायी ती कित्येक वर्षांनी आली, आणि वेळ, दिशा व उन्नतांश यांच्या तत्कालीन टिपणांवाचून ती पडताळावी तरी कशी?

डिसेंबर १९८० मध्ये इंग्लंडमधील रेंडलशॅमच्या अरण्यात, अमेरिकी हवाई तळालगत, लेफ्टनंट कर्नल हॉल्ट यांनी पाहिलेल्या प्रकाशाचे ध्वनिमुद्रित वर्णन सुदैवाने उपलब्ध होते. म्हणूनच त्यातील एका प्रकाशाच्या उघडझापीचा मेळ ऑर्फर्डनेसच्या दीपगृहाशी घालता आला. वेंगुर्ल्याच्या दीपगृहावर नजर ठेवून होडी हाकणाऱ्या आमच्या तांडेलाला हा खुलासा सहज पटेल.

अशा काटेकोर निरीक्षणाचे उदाहरण जवळच सापडते. आमच्याच सिंधुदुर्गात, विजयदुर्गावर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ज्योतिर्विद सर नॉर्मन लॉकियर यांनी 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांना आधी तालीम देऊन, प्रत्येकास नेमके काम वाटून दिले होते. शस्त्रधारी माणसांना निरीक्षक बनविण्याचा तो बंदोबस्त, ज्याची आठवण किल्ल्यातील 'साहेबाचे ओटे' आजही देतात, मला या संपूर्ण कथेत फार मोलाचा वाटतो. कारण लष्करी पहाऱ्याला शास्त्राची जोड मिळाली म्हणजे काय साधते, हे पुढे लडाखमध्ये दिसून आले. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पांगोंग सरोवराच्या सरहद्दीवरील जवानांनी आकाशात ३२९ वेळा अज्ञात वस्तू पाहिल्याची नोंद केली. ही शत्रूची टेहळणी-विमाने असावीत, असा संशय बळावला. पण भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या ज्योतिर्विदांनी तपास केला तेव्हा ते गुरू आणि शुक्र हे ग्रह असल्याचे निष्पन्न झाले.

माल्मस्ट्रॉमच्या पहारेकऱ्यांनाही असा एखादा ज्योतिर्विद त्याच आठवड्यात भेटायला हवा होता.