औषधी विकरांचें कवच

मावळांतील उर्से येथें फिनोलेक्सच्या कारखान्यांत धातूच्या तारांवर प्लॅस्टिकचें आवरण चढवून विजेच्या केबल तयार होतात. या आवरणानें तारेचें काम थांबत नाहीं. उलट त्यामुळेंच ती घरांत निर्धोकपणें वापरतां येते. औषधशास्त्रानेंहि अशीच एक युक्ति योजिली आहे. मात्र तेथें आवरण चढतें तें तारेवर नव्हे, विकराच्या रेणूवर.

विकरें, म्हणजेच एन्झाइमें, हीं शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारीं प्रथिनें होत. त्यांपैकीं ॲस्पॅरॅजिनेज हें विकर रक्तांतील ॲस्पॅरॅजिन नांवाच्या अमिनो आम्लाचें विघटन करतें. निरोगी पेशी हें आम्ल स्वतः निर्माण करूं शकतात; बालकांत आढळणाऱ्या लिंफोब्लास्टिक रक्तकर्करोगाच्या पेशींना मात्र तें बहुतांशीं रक्तांतूनच घ्यावें लागतें. तें मिळेनासें झालें, कीं त्या उपासमारीनें मरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८४ सालापासून योजिलेल्या एमसीपी-८४१ या उपचारक्रमांत या विकराला स्थान होतें.

अडचण अशी, कीं हें विकर जंतूंपासून मिळवितात. शरीर त्याला परकें समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें. मग औषध निष्फळ ठरतें, किंवा कधीं प्राणावर बेतणारी ॲलर्जी उद्भवते. शिवाय सुमारें सव्वा दिवसांत रक्तांतील त्याची शक्ति निम्म्यावर येते. म्हणून सुया वारंवार टोंचाव्या लागतात.

यावर अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत फ्रँक डेव्हिस, अब्राहम अबुचोव्स्की व त्यांचे सहकारी यांनीं मार्ग काढला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाच्या लांब साखळ्या त्यांनीं प्रथिनांना जोडल्या व १९७७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या साखळ्या भोंवतीं पाणी धरून ठेवतात. त्या जलमय कवचामुळें मोठ्या प्रतिद्रव्यांना विकराशीं सहज भिडतां येत नाहीं. ॲस्पॅरॅजिनचा लहानसा रेणु मात्र आंत शिरतो. अशा कवचयुक्त ॲस्पॅरॅजिनेजला १९९४ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्याची शक्ति निम्मी होण्यास पांच ते सहा दिवस लागतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत उपचाराच्या पहिल्या टप्प्यांत साध्या विकराच्या नऊ मात्रांचें काम त्याच्या एका मात्रेनें केलें.

तथापि हें कवच अभेद्य नव्हे. साखळ्या फार झाल्या, तर विकराचें क्रियास्थानच झांकलें जातें. आणि कांहीं रुग्णांचें शरीर खुद्द या बहुवारिकाविरुद्धच प्रतिद्रव्यें तयार करतें. म्हणून साखळ्या किती व कोठें जोडाव्या, यांतच खरें कौशल्य आहे. तें साधलें, तर खेड्यांतून शहराच्या रुग्णालयांत येणाऱ्या बालकाच्या सुया कमी होतात, आणि आईबापांच्या खेपाहि.