‘तोच हा’ कधी म्हणायचं? पुन्हा कंपाइल करण्याचा प्रश्न

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांची निरीक्षणं तपासायला अभ्यासक बरेचदा ‘कासा’ ही प्रणाली वापरतात. तिथं वर पायथनचा इंटरप्रिटर असतो, एक ओळ लिहा की लगेच उत्तर. खालचं जड गणित मात्र सी प्लस प्लसमध्ये आधीच कंपाइल करून ठेवलेलं असतं. इंटरप्रिटर म्हणजे वाक्यागणिक सांगणारा दुभाषा, कंपायलर म्हणजे सबंध ग्रंथाचं भाषांतर करून ठेवणारा. मग प्रश्न येतो: ठेवलेलं भाषांतर अजून चालेल का?

आपल्या दर्शनांत ‘तोच हा देवदत्त’ हे प्रत्यभिज्ञेचं उदाहरण आहे. वेश बदलला, जागा बदलली, तरी माणूस तोच. यंत्रानं हे कशावरून ओळखायचं? पायथन साधारणपणे मूळ फाइलची वेळ आणि आकार बघतो. आता बघा, एक अक्षरही न बदलता नुसती वेळ बदलली, तरी तो पुन्हा भाषांतर करतो. हास्केलच्या जीएचसी कंपायलरनं ९.४ आवृत्तीपासून वेळ सोडून मजकुराचा ठसा तपासायला सुरुवात केली.

हास्केलचाच इंटरप्रिटर जीएचसीआय. त्यात ऑप्टिमाइझ केलेला कोड उघडताना आणखी एक पेच येतो. कोड कंपाइल केला ‘ओ२’ लावून, इंटरप्रिटर चालतो त्याशिवाय. खुणा जुळत नाहीत म्हणून सगळं पुन्हा करायचं? नको. ‘इग्नोर-ऑप्टिम-चेंजेस’ हा पर्याय तिथं मुळातच चालू असतो, त्यामुळे वेगवान कोड तसाच उचलला जातो. पण पायाचं एखादं मॉड्यूल तुम्ही बदललंत, तर ते इंटरप्रिट होतं आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी मॉड्यूल्सही. कारण कंपाइल केलेलं मॉड्यूल इंटरप्रिट केलेल्यावर उभं राहू शकत नाही. म्हणून सुरुवातीलाच ‘ऑब्जेक्ट-कोड’चा पर्याय द्यावा, मग बदललेल्या भागापुरतंच काम होतं.

कोणी विचारेल, ऑप्टिमायझेशन म्हणजे नुसता वेशच ना? जवळजवळ. पण ‘ओ’ लावलं की जीएचसी ‘असर्ट’च्या तपासण्या गाळतो. म्हणजे चूक पकडणारा पहारेकरीच गेला! तेव्हा वेळ वाचवा, पण त्या तपासण्यांवर भिस्त असेल तर एकदा ‘ओ’शिवाय सगळं नव्यानं कंपाइल करून चालवा, आणि मगच उत्तरावर विश्वास ठेवा.