साखरेऐवजी गोड गोळी : फायदा किती, धोका किती?

घरात कुणाला शुगर निघाली की पहिला बदल चहात होतो. साखरेचा डबा मागे जातो, गोळ्यांची डबी पुढे येते. मग हळूहळू डाएट कोला, शुगर फ्री बिस्किटं, शुगर फ्री मिठाईही येते.

या गोळ्यांतलं अस्पार्टेम साखरेपेक्षा सुमारे 200 पट गोड, सुक्रालोज 600 पट. म्हणून कणभर पुरतं, कॅलरी नगण्य राहतात आणि चहाने शुगर चढत नाही. एवढा फायदा खरा.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र वजन कमी करण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला दिला. दीर्घकाळात वजन घटल्याचं दिसलं नाही. उलट वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह व हृदयविकार जास्त आढळले. आता मुळात वजन वाढलेली माणसंच या वस्तू जास्त घेतात, त्यामुळे सगळा दोष गोळीचाच असं ठरत नाही. म्हणूनच हा सल्ला सशर्त आहे. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो लागू नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून नेमकं हेच वाक्य गायब असतं!

जुलै 2023 मध्ये अस्पार्टेमला 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकलं गेलं. पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे 9 ते 14 कॅन लागतील. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम घेऊच नये.

खरी फसगत मिठाईत होते. शुगर फ्री बर्फीत खवा आणि तूप असतंच. शिरखुर्म्यात साखर टाकली नाही तरी शेवया, दूध, खजूर शुगर वाढवतातच. अस्पार्टेम तर उकळताना गोडीही गमावतं.

आणखी एक, इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. रोज्यात घाम, थरथर, चक्कर सुरू झाली आणि शुगर 70 च्या खाली गेली, तर रोजा सोडून लगेच ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्या. तिथे डाएट कोला किंवा शुगर फ्रीची गोळी काहीच कामाची नाही.