संख्या वाढते आहे, समज वाढते आहे का?

‘इस्लाम हा जगात सर्वांत वेगाने वाढणारा धर्म आहे,’ हे वाक्य जुम्याच्या बयानापासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते ऐकून छाती फुगते. त्याच घरात, त्याच संध्याकाळी, दुसरा संदेश येतो: ‘मिशनरी आपल्या मुलांना फितवत आहेत, सावध राहा.’ मग पोटात गोळा येतो. अभिमान आणि भीती अशी एकाच मोबाइलमधून येते, आणि दोन्ही वेळा आपण तो संदेश न तपासता पुढे पाठवतो. वाचकहो, या दोन्ही गोष्टींत तथ्य किती आणि आपल्या घराने त्यातून घ्यायचे काय, हे थोडे शांतपणे पाहू या.

वाढ येते कुठून?

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर ही संस्था जगातील धर्मांच्या लोकसंख्येचा अभ्यास करते. तिच्या २०१५ च्या अहवालानुसार २०१० मध्ये जगात सुमारे १६० कोटी मुस्लिम आणि २१७ कोटी ख्रिस्ती होते. २०५० पर्यंत मुस्लिम २७६ कोटी आणि ख्रिस्ती २९२ कोटी होतील, असा तिचा अंदाज आहे. २०२० पर्यंतच मुस्लिमांची संख्या सुमारे २०० कोटींवर पोहोचली, असे याच संस्थेने पुढे नोंदवले. म्हणजे वाढ खरी आहे.

पण तिचे कारण काय? अहवाल सांगतो की, मुख्य कारण जन्म आहे. २०१० मध्ये जगातील मुस्लिमांचे मध्य वय २३ वर्षे होते, इतरांचे ३०. तरुण समाजात मुले जास्त जन्मतात, इतकी साधी ही गोष्ट आहे. धर्म बदलून येणारे आणि जाणारे यांची वजाबाकी केली, तर २०१० ते २०५० या चाळीस वर्षांत मुस्लिमांची निव्वळ भर पडते ती फक्त ३२ लाखांच्या आसपास. ख्रिस्ती धर्मातून याच काळात साडेसहा कोटींहून जास्त लोक निव्वळ कमी होतील, पण त्यांतले बहुतेक कोणत्याच धर्माचे न राहणारे आहेत. ते मशिदीकडे येत नाहीत.

आपल्या देशात तर हाच आकडा उलट्या बाजूने आपल्यावर उगारला जातो. म्हणून हेही पाठ असावे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये भारतातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ मध्ये ती २.४ वर आली. हिंदू स्त्रियांमध्ये हाच आकडा ३.३ वरून १.९ वर आला. घट दोन्हीकडे आहे आणि ती आपल्याकडे अधिक वेगाने झाली आहे. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, दवाखाना जवळ आला, की कोणत्याही समाजात हेच घडते. तेव्हा पाळणे मोजून दीनची ताकद ठरवणे आपणही थांबवू या आणि दुसऱ्यांनाही शांतपणे खरे आकडे सांगू या.

आग्र्याचा मुनाजरा

ख्रिस्ती धर्मप्रचारक आणि मुस्लिम यांची गाठ नवी नाही. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री बादशहा अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेले होते. अकबराने त्यांना मानाने ठेवले, त्यांच्याशी वाद-चर्चा केल्या, पण तो ख्रिस्ती झाला नाही.

खरा सामना एकोणिसाव्या शतकात झाला. कार्ल फांडर हे जर्मन पाद्री फारसी जाणणारे होते. त्यांनी ‘मीजानुल हक’ हा ग्रंथ लिहून इस्लामवर टीका केली होती. त्यांच्यासमोर उभे राहिले कैराना गावचे मौलाना रहमतुल्लाह. १० आणि ११ एप्रिल १८५४ या दोन दिवशी आग्र्यात जाहीर मुनाजरा झाला. इंग्रज अधिकारी, उलमा, शहरातील प्रतिष्ठित लोक ऐकायला होते.

मौलानांची तयारी पाहण्यासारखी आहे. त्यांच्यासोबत डॉ. वजीर खान होते. हे इंग्रजी जाणणारे, आग्र्यातल्या दवाखान्यात काम करणारे डॉक्टर. बायबलच्या प्रतींत कोठे कोठे पाठभेद आहेत, याची चिकित्सा युरोपातील ख्रिस्ती विद्वानांनीच केलेली होती. ते ग्रंथ या दोघांनी मिळवले, वाचले आणि सभेत पुढे ठेवले. काही ठिकाणी पाठ बदललेला आहे, हे फांडर यांना मान्य करावे लागले; मात्र मूळ शिकवणीला त्याने धक्का लागत नाही, असे ते म्हणाले. तिथेच चर्चा अडली आणि दोन दिवसांत संपली. दोन्ही बाजूंनी विजय आपलाच असे सांगितले.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी मौलानांना बंडखोर ठरवले. त्यांची मालमत्ता गेली आणि ते मक्केला निघून गेले. पुढे तुर्की सुलतानाच्या आग्रहावरून त्यांनी अरबीत ‘इजहारुल हक’ हा ग्रंथ लिहिला. मक्केत त्यांनी मदरसा काढला, तो कलकत्त्याच्या सौलतुन्निसा या बाईंच्या देणगीतून. म्हणून त्याचे नाव मदरसा सौलतिया. हजला आलेल्या एका भारतीय बाईने दिलेला पैसा मक्केत इल्मच्या कामी आला, हे आमच्या मायभगिनींनी जरूर लक्षात ठेवावे.

या कथेची एक बाजू आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. फांडर यांना उत्तर देण्यासाठी आग्र्याच्या मशिदीत ज्यांना प्रवचनाला नेमले होते, त्या मौलवी इमादुद्दीन यांनी १८६६ मध्ये अमृतसर येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे उर्दूत ख्रिस्ती धर्माच्या बाजूने पुष्कळ लिहिले. त्यांचे मित्र सफदर अली त्यांच्या आधीच ख्रिस्ती झाले होते. मुनाजऱ्याच्या टाळ्यांनी प्रत्येक मनातील शंका मिटत नाही. सभा जिंकणे वेगळे आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या मनातली अस्वस्थता ओळखणे वेगळे.

‘इजहारुल हक’ पुढे एका दुकानात काम करणाऱ्या तरुणाच्या हाती पडला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्यात १९१८ मध्ये जन्मलेले अहमद दीदात लहानपणीच दक्षिण आफ्रिकेला गेले. ते एका मिशनजवळच्या दुकानात कामाला असताना धर्मप्रचाराचे शिक्षण घेणारे विद्यार्थी त्यांना इस्लामबद्दल टोचून प्रश्न विचारत. उत्तर येत नसे. त्या बेचैनीत हे पुस्तक मिळाले आणि पुढचे आयुष्य त्याच कामात गेले. त्यांची व्याख्याने जगभर गाजली. त्यांच्या बोचऱ्या शैलीमुळे शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात, अशी टीका दक्षिण आफ्रिकेतील काही मुस्लिमांनीही केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जावामध्ये काय घडले?

मुस्लिम मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्याचे आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण इंडोनेशियाच्या जावा बेटाचे आहे. १९६५-६६ मध्ये तिथे कम्युनिस्टांविरुद्ध भीषण कत्तली झाल्या. किमान पाच लाख माणसे मारली गेली, असे इतिहासकार मानतात. त्यात लष्कराबरोबर काही मुस्लिम संघटनांचे तरुणही सामील होते. त्यानंतर ज्याला धर्म नाही तो कम्युनिस्ट, असे समीकरण झाले. मारल्या गेलेल्यांची बायकामुले, कैद्यांची कुटुंबे, नावापुरते मुस्लिम असलेले गावकरी कुणाच्या दारात जाणार? अनेक ठिकाणी चर्चने तुरुंगात भेटी दिल्या, अनाथांना जवळ केले. पुढच्या काही वर्षांत लाखो जावानी लोक ख्रिस्ती झाले; काहींनी हिंदू धर्म स्वीकारला.

इथे कोणाचे पुस्तक कोणाला हरवून गेले नाही. ज्या हातांनी अश्रू पुसायचे त्यांतल्या काही हातांत शस्त्र होते, आणि पीडित माणूस दुसऱ्या दारात गेला. मिशनरींना दोष देण्याआधी हा हिशोब आपण आपल्याशी मांडला पाहिजे.

औषध घेतले, धर्म घेतला नाही

याच्या उलट उदाहरण अरबस्तानचे. अमेरिकन मिशनरी सॅम्युअल झ्वेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८९ मध्ये अरबांसाठी मिशन सुरू केले. बहरीनमध्ये १९०३ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. १९०४ च्या जुलैमध्ये झ्वेमर यांच्या दोन लहान मुली आठवड्याभराच्या अंतराने तिथेच वारल्या. इतके सोसूनही धर्मांतरे बोटांवर मोजण्याइतकीच झाली. अरबांनी औषध घेतले, आभार मानले आणि नमाजला गेले. ते रुग्णालय आजही बहरीनमध्ये चालते. ज्यांची श्रद्धा घरात मुरलेली असते, त्यांना दुसऱ्याच्या चांगुलपणाचे भय वाटत नाही.

आपल्याकडच्या शहाण्या माणसांनीही हेच ओळखले होते. १८८४ मध्ये लाहोरला अंजुमन हिमायत-ए-इस्लाम स्थापन झाली, ती मिशनच्या कामाला उत्तर म्हणून. आणि तिचे उत्तर होते अनाथाश्रम आणि मुलामुलींच्या शाळा. सर सय्यद अहमद खान यांनी तर १८६० च्या दशकात बायबलवर भाष्य लिहायला घेतले. त्यांच्या अलिगढच्या कॉलेजात शिकवणारे टी. डब्ल्यू. अर्नोल्ड हे इंग्रज. इस्लाम तलवारीपेक्षा व्यापारी आणि सुफी यांच्यामार्फत अधिक पसरला, हे दाखवणारा ग्रंथ १८९६ मध्ये त्यांनीच लिहिला.

एकाच कलमाची सावली

भारतात धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ ने दिला आहे. आपली दावत त्याच कलमावर उभी आहे आणि पाद्रीसाहेबांचे प्रवचनही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. हा निकाल मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या धर्मांतरविरोधी कायद्यांबद्दल होता. असे कायदे कडक होत जातात तेव्हा आज चर्चवर पडणारी काठी उद्या मशिदीच्या दारात येते. म्हणून पत्रके वाटणाऱ्यावर हात उचलणे हा दीनचा रस्ता नाही आणि शहाणपणाचाही नाही. धर्मात जबरदस्ती नाही, ही सूरह बकराची शिकवण दुसऱ्यांच्या बाबतीतही पाळायची असते. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, हे सीरतच्या पुस्तकांत आपण वाचतोच.

आपल्या घरात काय करावे?

आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवतो. मुलांचे प्रश्न सोपे असतात: ‘सर, ईसा (अलै.) आपले की त्यांचे?’ बरीच मोठी माणसे इथे रागावतात. खरे तर उत्तर आनंदाने देण्यासारखे आहे. कुरआनात नावाने उल्लेखलेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम, आणि एक पूर्ण सूरह त्यांच्या नावाची आहे. ईसा (अलै.) यांच्यावर इमान ठेवल्याशिवाय आपले इमान पुरे होत नाही. फरक कुठे आहे, तो पुत्रत्वाचा आणि क्रुसाचा, हेही मुलाला वयाप्रमाणे समजावून सांगावे.

यासाठी घरात कुरआन अर्थासह वाचला जावा. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला उर्दू कठीण जाते; मराठी भाषांतरे मिळतात, ती कपाटात न ठेवता आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून वाचावीत. मुलगी शंका विचारील तेव्हा तिला गप्प बसवू नये. उत्तर येत नसेल तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणावे आणि खरेच सांगावे.

ख्रिस्ती शेजाऱ्याला ओळखावे. वसईचे आणि अहिल्यानगरचे मराठी ख्रिस्ती आपल्याच भाषेत लिहितात, बोलतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आपल्या मुलांना दिब्रिटोंचे नाव माहीत असावे आणि त्यांच्या मुलांना आपल्या लेखकांचे.

आणि मोहल्ल्यातील विधवा, आजारी, फी न भरता आल्याने शाळा सुटलेला मुलगा यांची यादी मशिदीच्या कमिटीकडे असावी. जकातीचा पैसा तिथे वेळेवर पोहोचला, तर कोणाच्या पत्रकाची धास्ती बाळगण्याचे कारण उरणार नाही. रमजानपूर्वी ही यादी तयार करा. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी ती या महिन्यात एकदा पुन्हा तपासा.