गोवराच्या विषाणूचे मेंदूतील वास्तव्य : एसएसपीई या विकाराचा परिचय

प्रस्तावना
गोवर म्हणजे लहानपणी एकदा येऊन जाणारा आजार, असा समज आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. पुरळ ओसरले, ताप उतरला की बालक बरे झाले असे मानले जाते. तथापि, काही थोड्या बालकांत हा विषाणू पूर्णतः नाहीसा होत नाही. तो मेंदूत टिकून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी एका प्राणघातक विकारास कारणीभूत ठरतो. सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, म्हणजेच एसएसपीई, हे त्या विकाराचे नाव होय. दीर्घकालीन विषाणुसंसर्गाचा केंद्रीय मज्जासंस्थेवर कसा परिणाम होतो, हे या उदाहरणाद्वारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषाणू कसा टिकतो?
या विकाराचे वर्णन डॉसन यांनी १९३३ मध्ये केले. गोवराचा विषाणू रुग्णांच्या मेंदूतून वेगळा करण्यात यश आले ते १९६९ मध्ये. मेंदूत राहिलेल्या विषाणूच्या जनुकांत, विशेषतः एम व एफ या प्रथिनांच्या जनुकांत, बदल झालेले आढळतात. त्यामुळे विषाणूचे पूर्ण कण पेशीबाहेर पडत नाहीत; विषाणू एका चेतापेशीतून थेट शेजारच्या चेतापेशीत पसरतो. रक्तात व मेंदूभोवतीच्या द्रवात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे विपुल असूनही पेशीत दडलेल्या विषाणूचा नाश होत नाही. मेंदूचा दाह मात्र वाढत जातो.

लक्षणे व निदान
प्रारंभी मूल अभ्यासात मागे पडते, विसरू लागते, त्याचा स्वभाव बदलतो. पालक व शिक्षक यास आळस समजण्याची शक्यता असते. पुढे शरीराला ठरावीक अंतराने झटके बसतात, चालणे व बोलणे बिघडते आणि अखेरीस शुद्ध हरपते. मेंदूचा विद्युत आलेख व पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवातील प्रतिपिंडांची तपासणी यांवरून निदान होते. आयसोप्रिनोसीन व इंटरफेरॉन यांमुळे काही रुग्णांत विकाराची गती मंदावते. परंतु तो समूळ बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावतात.

प्रतिबंध
दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या बालकांना हा धोका अधिक असतो. भारतात लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिने व दुसरी १६ ते २४ महिने या वयात दिली जाते. दुसऱ्या मात्रेचा समावेश २०१० पासून झाला. नऊ महिन्यांखालील अर्भकांचे संरक्षण मात्र मुख्यतः भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते. रुग्णांच्या मेंदूत लसीतील नव्हे, तर नैसर्गिक गोवराचाच विषाणू आढळला आहे, हे शंकाग्रस्त पालकांना सांगणे आवश्यक आहे.

समारोप
२०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची मोठी साथ आली. साथीतील मृत्यूंची नोंद त्याच वर्षी झाली. मेंदूवरील संभाव्य परिणाम मात्र अनेक वर्षांनी दिसू शकतात. म्हणून हुशार मूल अकस्मात मागे पडू लागल्यास त्यास पूर्वी गोवर झाला होता काय, याची चौकशी व्हावी. या विकारावरील खात्रीचा उपाय लसीकरण हाच असून तो विकार सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीच करावा लागतो.